एक पौंड धान्य



पुणें शहराच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत एक लहानसें माप पुन्हां पुन्हां आपल्यापुढें येतें. तें माप म्हणजे एक पौंड धान्य. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर धरला, तर एक पौंड म्हणजे अच्छेराला तोळाभर कमी. एवढ्या धान्यांत माणसाचा एक दिवस निभावतो कीं नाहीं, आणि तें त्याच्या पदरांत घालणें ही सरकारची मेहेरबानी कीं सरकारचें कर्तव्य, या दोन प्रश्नांभोंवतीं आपल्याकडील अन्नविषयक कायद्यांचा इतिहास फिरत आलेला आहे. त्या इतिहासांत पुण्याच्या माणसांनीं जो भाग घेतला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

राज्यसत्तेनें बाजारांत लक्ष घालावें ही कल्पना पुण्याला नवी नव्हती. पेशवाईंत शहरचा कोतवाल केवळ चोर पकडीत नसे. वजनेंमापें तपासणें आणि जिनसांच्या निरखावर नजर ठेवणें हींहि त्याचींच कामें होतीं. इंग्रजी अमलांत ही दृष्टि बदलली. व्यापार आपल्या गतीनें चालूं द्यावा, भाव चढले म्हणजे धान्य आपोआप टंचाईच्या मुलखाकडे वळेल, सरकार मध्यें पडल्यास बिघाडच होईल, असें अर्थशास्त्र त्या काळचे अंमलदार विलायतेहून शिकून येत. हा सिद्धान्त पुस्तकांत मोठा सुबक दिसतो. पण धान्य आगगाडींत बसून ज्या गांवीं आलें, त्या गांवच्या माणसाजवळ तें विकत घेण्यास पैसाच नसला तर काय करावें, या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हतें.

हा प्रश्न १८७६ सालीं उभा राहिला. त्या वर्षीं दक्षिणेंत पावसानें दगा दिला. पुणें, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत उभीं पिकें करपलीं. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं आणि शेतकऱ्यांच्या झुंडी खडी फोडण्यास व माती वाहण्यास लागल्या. १८७७ च्या आरंभीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर धाडलें. खर्चास आळा घालणें ही त्यांच्यावर सोपविलेली मुख्य कामगिरी. त्यांनीं मजुरीचें जें मान सुचविलें, तें पुढें ‘टेंपल मजुरी’ या नांवानें कुप्रसिद्ध झालें. दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य येईल एवढी रक्कम आणि वर एक आणा. बायकांस व कामावरील मुलांस त्याहूनहि कांहीं कमी. मुंबई इलाख्यांतील कामांवरहि त्याच जानेवारींत मजुरी उतरविण्यांत आली.

या आज्ञेला जें उत्तर मिळालें, तें सरकारच्या अपेक्षेबाहेरचें होतें. इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामेंच सोडलीं. उपाशी माणसानें हातचें काम सोडून घरीं जावें, याचा अर्थ काय हें ज्यांस उमगलें, त्यांत पुण्याची सार्वजनिक सभा अग्रभागीं होती. १८७० सालीं स्थापन झालेल्या या सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारें पुणें ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखी. सभेनें गांवोगांवची खरी माहिती मिळविली, तिच्या आधारें सरकारकडे अर्जावर अर्ज पाठविले, आणि मजुरींतील कपात कशी घातक आहे हें आंकड्यांनिशीं मांडलें. तिकडे मद्रासेंत सरकारचेच आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं टेंपलसाहेबांस जाहीरपणें विरोध केला. एका पौंडावर कष्टकऱ्याचें शरीर टिकणार नाहीं, निदान दीड पौंड धान्य तर हवेंच, शिवाय नुसत्या धान्यानें भागत नाहीं, डाळ आणि भाजीपालाहि पोटांत गेला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. हा मुद्दा कृपा करून ध्यानांत ठेवावा. आपणांस पुन्हां त्याच्याकडे यावयाचें आहे.

त्या दुष्काळांत आणि त्याच्या मागोमाग आलेल्या रोगराईंत ब्रिटिश मुलखांतील पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं, असा खुद्द सरकारच्या दुष्काळ कमिशनचा अंदाज आहे. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील या कमिशनचा अहवाल १८८० सालीं बाहेर पडला, आणि त्यावरून १८८३ सालीं दुष्काळ-निवारणाच्या नियमांचा एक नमुना तयार होऊन प्रांतोप्रांतींचे ‘फॅमिन कोड’ अस्तित्वांत आले. टंचाई केव्हां जाहीर करावी, कामें केव्हां काढावीं, मजुरी किती द्यावी, अपंगांस धर्मादाय अन्न कसें पोंचवावें, हें सारें त्यांत लिहून ठेवण्यांत आलें. परंतु यांत एक ग्यानबाची मेख होती. हे नियम म्हणजे कायदा नव्हे. त्या अंमलदारांना दिलेल्या सूचना होत्या. साहेबानें त्या पाळल्या तर उत्तम. न पाळल्या तर उपाशी माणसानें कोणत्या कचेरींत दाद मागावी, याची सोय कोठेंच नव्हती.

हा दोष पुण्यानें आपल्या पद्धतीनें भरून काढण्याचा यत्न केला. १८९६ सालीं पुन्हां पाऊस गेला. त्या वेळीं सार्वजनिक सभेचीं सूत्रें लोकमान्य टिळकांच्या हातीं होतीं. टिळकांनीं ‘केसरीं’तून फॅमिन कोडाचा अर्थ सोपा करून सांगितला, सभेनें त्यांतील कलमांचीं मराठी पत्रकें छापून खेडोपाडीं वांटलीं, आणि सभेचीं माणसें गांवोगांव जाऊन शेतकऱ्यांस सांगूं लागलीं कीं, पीक बुडालें असेल तर सारा तहकूब करून मागणें आणि काम मागणें हा तुमचा हक्क आहे, भीक नव्हे. इंग्रजींतील कोड कचेरीच्या कपाटांत होतें, तोंवर तें सरकारचें होतें. मराठींत तें चावडीवर वाचलें जातांच तें रयतेचें झालें. हा फरक सरकारच्या लगेच ध्यानांत आला. सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा सभेचा अधिकार यापुढें मानला जाणार नाहीं, असें मुंबई सरकारनें १८९७ सालीं जाहीर केलें.

त्या दुष्काळांतील दुसरी एक गोष्ट खास पुणें शहरापुरती आहे. धान्याचे भाव भडकले कीं दुकानें लुटलीं जावयाचीं, हा त्या काळचा अनुभव. सोलापुराकडे तसे दंगे झालेहि. पुण्यांत तसें होऊं नये म्हणून टिळकांनीं पुढाकार घेऊन शहरांत स्वस्त धान्याचीं दुकानें उघडविलीं, आणि पुण्यांतील दंगे टळले. आज आपण ज्यास स्वस्त धान्य दुकान म्हणतों, त्याचें बीज असें लोकांच्या पुढाकारांत सांपडतें. मात्र तीं दुकानें वर्गणीच्या व सदिच्छेच्या बळावर चालणारीं होतीं; संकट सरलें कीं तींहि सरावयाचीं. कायमची तजवीज करण्याचें सामर्थ्य कायद्यांतच असतें.

तो कायदा आला महायुद्धाच्या दडपणाखालीं. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. पुढल्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. मुंबई शहरांत २ मे १९४३ रोजीं धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि त्याच पद्धतीचा विस्तार पुढें पुण्यासह प्रांतांतील इतर शहरांत झाला. त्याच वर्षीं सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या अन्नधान्य-धोरण समितीनें एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशनिंग असावें अशी शिफारस केली. आणि प्रौढ माणसास दररोज निदान किती धान्य मिळावें असें समितीनें म्हटलें असेल? एक पौंड! सहासष्ट वर्षांपूर्वीं ज्या मापावर पुण्यानें तक्रार केली होती, तेंच माप आतां किमान हक्क म्हणून परत आलें. आणि तेंहि टिकलें नाहीं. १९४६ च्या आरंभीं टंचाई वाढतांच तें बारा औंसांवर उतरविण्यांत आलें.

रेशनिंगच्या त्रासाच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जात आल्या आहेत. रांगेंत तासन् तास उभें राहावें लागे. दुकानांत जें धान्य आलें असेल तेंच मुकाट्यानें पिशवींत घ्यावें लागे. त्यांतील खडे वेंचतां वेंचतां गृहिणींचे डोळे शिणत. हें सारें खरें. तरी या पद्धतींत न्यायाचा एक अंश होता, तो विसरतां कामा नये. कारकुनाच्या घरचें कार्ड आणि हमालाच्या घरचें कार्ड यांवर धान्याचें मूळ प्रमाण एकच होतें. अंगमेहनतीचें काम करणाऱ्यास उलट जास्त मिळे. बाजारांत ज्याचा खिसा जड त्याची पिशवी जड, हा नियम कायद्यानें प्रथमच बाजूस सारला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं याच कारणासाठीं नियंत्रणाचा पुरस्कार केला. १९४७ सालच्या सरकारी जिन्नस-किंमत मंडळावर ते गोरवाला यांच्यासह होते, आणि नियंत्रणें घाईनें उठवूं नयेत अशा मताचे होते. त्या वर्षाच्या डिसेंबरांत नियंत्रणें उठविण्यांत आलीं. भाव भराभर चढले. आणि १९४८ च्या शरदांत तीं पुन्हां आणावीं लागलीं.

युद्धकाळच्या हुकुमांची जागा १९४६ च्या तात्पुरत्या कायद्यानें घेतली, आणि त्याची जागा १९५५ च्या अत्यावश्यक वस्तु कायद्यानें. साठेबाजीस आळा घालण्याचें आणि दुकानांमार्फत ठराविक भावानें धान्य देण्याचें बळ सरकारला याच कायद्यांतून मिळत आलें. परंतु सरकारला अधिकार मिळणें निराळें आणि नागरिकाला हक्क मिळणें निराळें. दुकान असावें कीं नसावें, त्यांत काय यावें, किती यावें, हें सारें अद्याप सरकारच्या मर्जीवर होतें.

या प्रश्नाला निराळें वळण पुण्यांतच मिळालें. १९७१ सालीं गोखले संस्थेंतील विनायक महादेव दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं ‘भारतांतील दारिद्र्य’ हा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशीं दररोज २२५० कॅलरी मिळतील एवढें अन्न घेण्यास किती खर्च लागतो हें त्यांनीं काढलें, आणि तेवढा खर्च करण्याची ऐपत किती लोकांस आहे हें तपासलें. १९६०-६१ सालीं खेड्यांतील सुमारें चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारें पन्नास टक्के लोक या रेषेखालीं आहेत, असें त्यांस आढळलें. टेंपलसाहेबांचा पौंड खर्च वांचविण्यासाठीं ठरविलेला होता. हें माप माणसाची गरज मोजण्यासाठीं होतें. उपाय म्हणून त्यांनीं खेड्यांतील गरिबांस काम पुरविण्याची मोठी योजना सुचविली. दुसऱ्याच वर्षीं महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. ‘मिलो’ या नांवाची अमेरिकेची तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानांत आली, कामांवरील मजुरांस सुकडी वांटली गेली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. वि. स. पागे यांच्या खटपटींतून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेला त्या अनुभवानें बळ आलें, आणि विधिमंडळानें १९७७ चा रोजगार हमी कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. १८७७ सालीं दक्षिणेंतील मजूर ज्या कामाच्या मोबदल्यासाठीं हटून बसले होते, तें काम मागण्याचा हक्क त्यांच्या पणतवंडांना सुमारें शंभर वर्षांनीं मिळाला.

दांडेकरांच्या मापावर पुण्यांतच आक्षेपहि निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यांत राहत होते. त्यांचें म्हणणें असें कीं, एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते. सरासरीचा आंकडा धरून त्याखालचे सारे उपाशी मानणें बरोबर नाहीं. शिवाय दूषित पाण्यानें व घाणीनें पोट बिघडलें, तर खाल्लेलें अन्नहि अंगीं लागत नाहीं. दांडेकरांना हें मत मान्य झालें नाहीं, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभीं हा वाद चांगलाच रंगला. आंकड्यांच्या वादांत कोण बरोबर हें तज्ज्ञांवर सोपवूं. परंतु पोषण म्हणजे धान्याची रास नव्हे, ही जाण सुखात्म्यांनीं दिली. आणि भुकेला आंकड्यांत पकडल्याखेरीज सरकार हलत नाहीं, हा धडा दांडेकरांनीं दिला. आपणांस दोन्ही हवेत.

मध्यंतरीं दुकानांची जुनी समानता संपली. १९९७ पासून गरिबांस एक भाव व इतरांस दुसरा अशी पद्धति आली, आणि महाराष्ट्रांत १ मे १९९९ पासून पिवळें, केशरी व पांढरें अशीं तीन रंगांचीं रेशनकार्डें सुरू झालीं. ज्याला खरी गरज त्याच्या हातीं नेमकें कोणत्या रंगाचें कार्ड पडतें, हा नवाच प्रश्न निघाला. पुढें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम दिला कीं, सरकारच्या अन्नविषयक योजना या लोकांच्या हक्काच्या बाबी समजल्या जाव्या. त्या वाटेनें जात जात २०१३ सालीं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रांत त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. माणशीं दरमहा पांच किलो धान्य. तांदूळ तीन रुपये, गहूं दोन रुपये आणि ज्वारीबाजरीसारखें भरड धान्य एक रुपया किलो, असे भाव ठरले. अत्यंत गरीब अशा अंत्योदय कुटुंबांस दरमहा पस्तीस किलो. १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य विनामूल्य झालें. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस आणि शाळकरी मुलांस शिजविलेल्या अन्नाचीहि तरतूद कायद्यांत आहे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, धान्य न मिळाल्यास भत्ता मागण्याची, जिल्ह्याच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे जाण्याची आणि त्यावर राज्य अन्न आयोगाकडे दाद मागण्याची सोय त्यांत आहे. फॅमिन कोडांत जें नव्हतें, तें येथें आहे.

आतां तें जुनें माप पुन्हां हातीं घेऊं. महिन्याचे पांच किलो म्हणजे दिवसाचे सुमारें १६७ ग्रॅम. एका पौंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक. ही तुलना करतांना अन्याय होऊं नये. टेंपलच्या मजुराजवळ त्या मजुरीवांचून कांहींच नव्हतें. आजच्या कुटुंबानें उरलेलें धान्य आपल्या कमाईंतून घ्यावें, असें गृहीत आहे. तरी डॉक्टर कॉर्निश यांचा प्रश्न उरतोच. डाळ कोठें आहे? भाजी कोठें आहे? कायद्यानें दिलेल्या हक्काच्या पिशवींत अद्याप धान्यच आहे. २६ जानेवारी २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तींत दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण होतें. धान्यापासून जेवणापर्यंतचें अंतर सरकारलाहि उमगतें, याचा तो पुरावा म्हणावा. पण थाळी ही योजना होती, कायदा नव्हे.

आणि दुसरा प्रश्न आपल्या शहराचा. महाराष्ट्राच्या नागरी वस्तीपैकीं शेंकडा ४५ लोकांस हा कायदा लागू करण्यांत आला, आणि ही संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरविली गेली. पुण्यासारखें शहर मात्र जनगणनेसाठीं थांबून राहत नाहीं. त्यानंतर मराठवाड्यांतून, विदर्भांतून पोटासाठीं येथें आलेल्या किती कुटुंबांचीं नांवें त्या यादींत आलीं असतील, याचा विचार आपण करावयास हवा.

ही माणसें आपल्यापासून दूर नाहींत. आपल्या घरीं धुणींभांडीं करण्यास येणाऱ्या बाई, इमारतीचा पहारेकरी, समोरच्या बांधकामावरचा बिगारी, हीं सारीं त्यांतलींच. घरांतील सर्वांत वडील सज्ञान स्त्री ही रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मानली जावी, असें या कायद्याचें कलम आहे. तें त्या बाईंना कोणी सांगितलें आहे काय? मुलाचें नांव कार्डावर चढविण्यास काय लागतें, दुकानदारानें धान्य नाकारलें तर कोठें जावें, हें त्यांना ठाऊक आहे काय? १८९६ सालीं पुण्याच्या शिकलेल्या माणसांनीं इंग्रजी कोड मराठींत उतरविलें आणि पायपीट करून तें चावडीवर वाचून दाखविलें. आज कायदा मराठींत छापलेला आहे, आणि त्यावर ज्यांचा हक्क आहे तीं माणसें आपल्या दारांत येत आहेत. एखाद्या सकाळीं काम आटोपल्यावर त्या बाईंना बसावयास सांगावें, चहा द्यावा, त्यांचें कार्ड पाहावें, आणि त्यावर कोणाचें नांव आहे व कोणाचें राहून गेलें आहे, हें त्यांच्याबरोबर वाचावें. सार्वजनिक काकांच्या गांवांत एवढें काम कोणास जड वाटूं नये.